शेठच्या दाताचं दुखणं

सकाळी स्वतःच्या दातांना ब्रश लावण्याआधी कवळीवाले सशाचे दात बघत. अंगठ्याने त्याचा वरचा ओठ हलकेच उचलायचा, मान तिरकी करून खिडकीच्या उजेडात पुढचे दात पाहायचे, गालावरून बाहेरूनच एक बोट दाढांच्या ओळीवर फिरवायचं आणि म्हणायचं, "उत्तम, शेठ." मग शेठ नाक उडवत टेबलाखाली पसार. बायको ओट्याशी चहाचं आधण ठेवत हे ऐकायची. तिचे दात त्यांनी लग्नानंतर एकदाच असे नीट पाहिले होते आणि तेव्हा "चालतील" म्हणाले होते.

ते कवळ्या बनवत. गल्लीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारत नसे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवायचे. कवळीवाले त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करायचे, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायचे आणि हिरडीत एकेक दात बसवायचे. घराची मागची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. फळीवर अनोळखी माणसांचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले. त्यांचे मालक कवळीवाल्यांना कधी भेटत नसत, पण त्यांच्याशी बोलणं मात्र दिवसभर चालायचं. "तुम्ही एकाच बाजूने चावता हो. रागीट दिसता." "बाई, तुम्ही झोपेत दात खाता. सांगा, काय खुपतंय?" जबड्यांकडून उत्तर येत नसलं तरी शेठ कान उभे करून ऐकायचा. माणूस बोलतो म्हणजे किती बोलतो, तर पॉलिशचं मशीन सुरू असतानाही त्याच्या वरचा सूर लावून बोलायचे.

शेठ त्यांच्याकडे आला तोही दातांपायीच. एका डॉक्टरांकडे पाळलेला होता, पुढचे दात वाकडे वाढायला लागले म्हणून नको झाला. कवळीवाल्यांनी त्याला मांडीवर घेतलं, तोंड उघडून पाहिलं आणि घरी आणलं. बायकोने विचारलं होतं, "नर की मादी?" ते म्हणाले, "नर. डोकं बघ केवढं रुंद आहे." जबडे आणि कवट्या यातलं त्यांना इतकं कळत होतं, की पुढे विचारायचं तिला सुचलंच नाही. गवत आणि पाला चावून चावून दात सरळ झाले. पोट मात्र सुटलं, आणि त्या पोटावरूनच त्याला शेठ हे नाव पडलं.

त्या हिवाळ्यात कवळीवाल्यांचा आवाज बसला तो उठलाच नाही. आधी बायकोने त्यांच्या बडबडीला दोष दिला, मग प्लास्टरच्या धुळीला. मोठ्या इस्पितळातल्या सर्जननी नळी घालून आत पाहिलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "स्वरयंत्रात गाठ आहे. स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही."

"दुसरा पर्याय?" कवळीवाल्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"उशीर," सर्जन म्हणाले.

तरीही त्यांनी एक तारीख घालवलीच. हातात कवळ्या आहेत, लोक दाताविना बसलेत, असं म्हणाले. बायकोने दाताच्या कण्या केल्या तेव्हा कुठे दुसरी तारीख ठरली. गुरुवारी दाखल व्हायचं, शुक्रवारी शस्त्रक्रिया. सर्जननी या वेळी तिच्याकडे बघून सांगितलं होतं, "ही तारीख चुकवलीत तर पुढे काढण्यासारखं काही हातात राहणार नाही." त्या दिवसापासून तिला झोप म्हणून नव्हती. ती कवळीवाल्यांकडे गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशी बघत होती; नजर हलली की गेलं.

सोमवारी ते खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "शेठचा दात दुखतोय."

मोठ्या नणंदबाई, म्हणजे कवळीवाल्यांच्या ताई, शस्त्रक्रियेसाठी म्हणून आदल्याच दिवशी येऊन राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "धाकट्या, तुझा गळा कापायचाय शुक्रवारी, आणि तू सशाचा दात काय घेऊन बसलायस?"

"ताई, तो गवत तोंडात धरून फिरतोय. चावत नाही. नुसता या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेतो. दुखत असल्याशिवाय कोण असं करेल?"

शेठ खरंच तसं करत होता. तोंडातून दोन्ही बाजूंना गवत मिशांसारखं बाहेर आलेलं, नजर कावरीबावरी. शिवाय छातीचे केस स्वतःच उपटत होता. कोपऱ्यात गवताचा आणि केसांचा ढीग साचत होता. मागच्या दाढेला टोक आलं असणार, त्या टोकात केस अडकत असणार, असं कवळीवाल्यांनी निदान केलं. त्यांनी सगळं गवत काढून घेतलं आणि शेठपुढे किसलेलं गाजर ठेवलं. बायकोने केसांचा ढीग सुपलीत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकला. शेठने संध्याकाळपर्यंत आणखी केस उपटले, या वेळी पायपुसण्यावर. तेही तिने झटकून टाकले. जनावर तिच्याकडे बघत उभं होतं. पुढे ती नजर तिला पुष्कळ दिवस आठवत राहिली.

मंगळवारी दोघं शेठला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अस्तन्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कवळीवाल्यांनी त्यांना बसल्या बसल्या सगळं सांगितलं. खालची डावी दाढ, तिचं टोक, गवत, केस. घसा साथ देत नव्हता तरी एकही शब्द त्यांनी गाळला नाही. बाईंनी दात पाहिले.

"दात सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. मग शेठला उताणा केला, पोटावर बोटं टेकली आणि सावकाश फिरवली. "याला नाव काय ठेवलंय?"

"शेठ."

"शेठाणी म्हणा. पोटात पिल्लं आहेत, चांगली पाच-सहा. आज नाहीतर उद्या होतील. दाताला काही झालेलं नाही, ती बाळंतपणाची तयारी करतेय. गवत नेऊन घरटं बांधायचं आणि त्यात स्वतःचे केस घालायचे. तुम्ही ते घरटं मोडलं नाहीत ना?"

बायकोची दातखीळ बसली. सुपलीत भरलेला तो मऊ, कोमट ढीग तिच्या हाताला आत्ता जाणवला. कवळीवाले बाईंकडे असे बघत होते, जणू कुणी त्यांना सांगितलं होतं की आजवर बसवलेले सगळे दात उलटे बसलेत.

"पण तो एकटा असतो," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे, ती."

"महिन्याभरापूर्वी कुणी पाहुणा?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर भाचीच्या लग्नाला गेले होते, तेव्हा त्यांचा ससा ढब्बू दोन दिवस यांच्याकडे होता. दोघंही नर, जरा भांडतील आणि मग गप्प बसतील, असं म्हणून कवळीवाल्यांनी त्यांना एकाच खोलीत सोडलं होतं. बरीच पळापळ झाली तेव्हा ते त्यांना रागावलेही होते, "सभ्य माणसांसारखे राहा."

"रोज तोंड बघत होतो मी तिचं," जिना उतरताना कवळीवाले म्हणाले. "रोज."

"तोंडच बघत होतात," बायको म्हणाली.

रस्त्याने जाताना टोपली त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. चौक ओलांडला आणि ते अगदी सहज, भाजी आणायची आठवण व्हावी तसं म्हणाले, "आता गुरुवारचं काही जमायचं नाही. पुढची तारीख घ्यावी लागेल."

ती जागीच थांबली. तिच्या मागून येणारा माणूस तिच्यावर आदळला आणि काहीतरी पुटपुटत पुढे गेला. डॉक्टरीणबाईंनी पिल्लांची बातमी दिली तेव्हा जो धक्का बसला होता, तो यापुढे काहीच नव्हता. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. सुटका होती. शाळेला सुट्टी मिळालेल्या मुलाचा असतो तसा तो चेहरा झाला होता.

"डॉक्टर काय म्हणाले होते, ऐकलंत ना तुम्ही?"

"अगं, बाळंतीण आहे घरात."

"मी आहे की. ताई आहेत."

"तू तिचं घरटं कचऱ्याच्या गाडीत टाकलंस," ते म्हणाले. एवढं बोलून त्यांनी चालायला सुरुवात केली.

घरी आल्यावर ते झपाटल्यासारखे कामाला लागले. प्लास्टरच्या पोत्यांसोबत एक लाकडी खोकं आलं होतं, ते फळीवरून काढलं. त्याची एक बाजू कापून उंबरठा ठेवला, आईला उडी मारून आत जाता येईल आणि पिल्लांना बाहेर घरंगळता येणार नाही एवढा. कापलेली कड करवतीने खरखरीत झाली होती. ती त्यांनी कवळीची कड घासतात तशी घासली, आधी जाड पॉलिश कागदाने, मग बारीक, आणि कवळी जिभेला टोचू नये म्हणून फिरवायचे तसा शेवटी अंगठा फिरवून पाहिला. तळाला गवत. कापूस घालू नका, त्याचे धागे पायांत गुरफटतात, असं बाईंनी बजावलं होतं. म्हणून ताईंनी मऊ कागदाच्या पट्ट्या फाडल्या. फाडता फाडता म्हणाल्या, "आमच्या बाळंतपणात कुणी एवढं केलं नाही."

संध्याकाळी कंपाउंडर वर आले. बातमी जिन्यातच पोचली होती. "वहिनी, आमच्या गरीब पोरावर हा काय आळ?"

"आळ नाही, जबाबदारी," बायको म्हणाली.

"लग्न न कळवता उरकलंत, आणि आता खर्च मागताय होय?" ते हसले, मग वाकून खोकं पाहिलं. कवळीवाल्यांकडे वळून हळूच म्हणाले, "गुरुवार पक्का ना?"

कवळीवाल्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. बायकोने कंपाउंडरांच्या हातात चहाचा कप दिला आणि बशी द्यायची राहूनच गेली.

बुधवारी सकाळी कवळीवाले एक राहिलेली कवळी पुरी करायला बसले होते. मेण कमी पडत होतं. काम करताना मेणाचे जे तुकडे जमिनीवर पडत, ते बायको झाडण्याआधी उचलून एका डब्यात टाकायची. डबा भरला की ते मेण वितळवून पुन्हा पट्ट्या पाडायचे. त्यांनी शेगडी पेटवली आणि म्हणाले, "खाली काही पडलं असेल तर ते पण घाल. डबा वितळवायला घेतो."

ती वाकली. टेबलाखाली, पायाशी, एक गुलाबी तुकडा पडला होता. बोटाएवढा, मऊ, किंचित गार, मेण असतं तसाच. तिने तो उचलून डब्यात टाकला. थोडं पलीकडे दुसरा दिसला. तिने हात पुढे केला आणि त्या तुकड्याने एक पाय लांब केला.

कवळीवाल्यांचा हात डब्याकडे गेलेला तिने पाहिला, शेगडीची निळी ज्योत पाहिली, आणि तिच्या हातून एवढंच झालं की तिने डबा त्यांच्या हातातून हिसकावला आणि पोटाशी धरून जमिनीवर बसली. त्यांना वाटलं तिला चक्कर आली. "काय झालं? अगं, काय झालं?" तिने डबा त्यांच्यापुढे धरला. मेणाच्या चुऱ्यात, मेणाच्याच रंगाचं, डोळे मिटलेलं, कानांच्या जागी दोन चिमट्या असलेलं ते पडलं होतं. श्वास चालू होता. बरगड्यांची जाळी वर-खाली होत होती.

कवळीवाल्यांनी शेगडी बंद केली. दोन्ही पिल्लं उचलून ओंजळीत घेतली आणि ओंजळ शर्टाच्या आत घातली. "गार पडलीत," ते म्हणाले. खोक्यात आणखी चार होती. शेठने काही आत घातली होती, काही घाबरून बाहेर. ती स्वतः फळीखाली बसली होती, छातीचे केस विस्कटलेले, कुणाची कुणी नसल्यासारखी.

बायको तशीच बसून होती. तिला हसू येईना की रडू. "मी टाकलं," ती म्हणाली. "मी माझ्या हाताने टाकलं."

"आणि मी वितळवणार होतो," ते म्हणाले. "फिट्टंफाट."

दोन्ही पिल्लांना ऊब आल्यावर ती बाकीच्यांत ठेवली. पण दुपार झाली तरी शेठ खोक्याकडे फिरकली नाही. कवळीवाले तिच्यापुढे बसून समजावत होते, "अहो बाई, जा. तुमचीच आहेत. मी फसलो, तुम्ही फसू नका." घसा पार गेला होता, शब्दांपेक्षा हवा जास्त येत होती, तरी बोलत होते. पिल्लांची पोटं सुरकुतली होती. जास्त वापरलेल्या पिशवीसारखी कातडी लोंबत होती.

बायकोने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी विचारलं, "घरटं कुठे ठेवलंय? खोलीत कोण असतं?"

"माझे मिस्टर. काम करतात, आणि बोलतात तिच्याशी."

"किती वेळ?"

"दिवसभर."

पलीकडून बाई हसल्या नाहीत. "सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही सगळं शांत झाल्यावर. मशीन बंद, बोलणं बंद. तिला वाटलं पाहिजे की आसपास कुणीच नाही. आज रात्रीपर्यंत पोटं भरली नाहीत तर पिल्लं राहणार नाहीत."

फोन तिने मोठ्याने ऐकू येईल असा धरला होता. कवळीवाल्यांनी सगळं ऐकलं. त्यांचं तोंड काहीतरी सांगायला उघडलं, आणि तसंच मिटलं. ते उठले, खोलीचा पडदा ओढला, दार अगदी कवळीचं खोकं लावतात तसं आवाज न करता लावलं आणि स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसले. घर एवढंसं, भिंती कागदासारख्या. म्हणजे कुणीच बोलायचं नव्हतं.

एवढी शांतता त्या घराने कधी पाहिली नव्हती. नळाची धार बारीक करून भांडी झाली. जेवताना कवळीवाल्यांना मीठ हवं होतं. त्यांनी चिमूट दाखवली, ताईंनी साखर दिली. त्यांनी मान हलवली, कपाळाला हात लावला, जीभ बाहेर काढून कडवट तोंड केलं. ताईंनी औषधाची गोळी आणून दिली. बायकोने टॉवेलच तोंडात कोंबला, इतकं हसू आलं. ताई तिच्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "जन्मल्यापासून एवढा वेळ गप्प बसला नव्हता हा. झोपेतसुद्धा बडबडायचा." कवळीवाल्यांनी ते पाहिलं आणि ताईंकडे बघून हाताचा जबडा करून चारपाच वेळा उघडला-मिटला. ताईंनी त्यांना चापट मारली, तीही बिनआवाजाची.

मग हसू ओसरलं. बायकोला दिसत होतं, ते मधूनच ओठ हलवत आणि थांबत. शब्द येऊन दाराशी परत जात होता. पण थोड्या वेळाने त्यांना काही सांगायचं असलं की ते बोटाने टेबलावर टक्क करत, ती बघे, ते डोळ्यांनी पाण्याकडे, खिडकीकडे, तिच्या थकलेल्या पायांकडे खुणावत, आणि तिला कळे. एकदा त्यांनी तिच्या पायांखाली स्टूल सरकवलं. इतक्या वर्षांच्या बोलण्यात हे स्टूल कधी आलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, ते लपवायला तिने कांदा शोधला. तो टोपलीत नव्हता. तिने तसंच राहू दिलं.

गुरुवारी उजाडलं तेव्हा त्यांनीच दार उघडलं. ती त्यांच्या मागे होती. खोक्यात केसांचा नवा, जाड थर होता. त्यांनी तो बोटांनी बाजूला केला. पिल्लं एकमेकांना चिकटून झोपली होती, आणि सहाच्या सहा पोटं तट्ट फुगली होती, इतकी की कातडीतून आतलं दूध पांढरं दिसत होतं. डब्यात पडलेलं कुठलं, ते आता ओळखू येत नव्हतं.

बॅगेचं नाव बायकोने काढलं नाही. तारखेचं काढलं नाही. काल दुपारपासून तिने एकदाही काढलं नव्हतं, आणि आता काढायची तिला भीती वाटत होती.

कवळीवाल्यांनी केस पुन्हा सारखे केले. उठले, कपाटावरची बॅग काढली, दोन शर्ट, टॉवेल, ब्रश आत टाकला आणि चेन लावली. चेन अर्ध्यात अडकली तेव्हा तिने पुढे होऊन कापड धरलं, त्यांनी ओढली.

"गाडी बोलाव," ते म्हणाले. काल दुपारपासूनचे पहिले शब्द. "ताई इथे थांबेल की येईल?"

ताई आल्या. दोन दिवसांकरता कंपाउंडर खोक्याकडे बघणार होते. सासरेबुवा म्हणून त्यांना तेवढा हक्क आहे, असं तेच म्हणाले.

शुक्रवारी सकाळी कवळीवाल्यांना हिरवा अंगरखा घालून चाकांच्या खाटेवर निजवलं. बायको शेजारी उभी होती. ती रात्रभर विचार करत होती, ते काय बोलतील, आणि ते तिला अक्षर न अक्षर लक्षात ठेवता येईल का. ताईंनी भावाच्या केसांतून हात फिरवला आणि तोंड वळवलं. वॉर्डबॉयने खाटेचा ब्रेक सोडला.

पुढे कवळीवाले अकरा वर्षं जगले. टेबलावर टक्क करत, हाताचा जबडा करत, गल्लीतल्या पोरांना आणि सशांना डोळ्यांनी रागावत. कवळ्याही बनवल्या. त्या खोलीत आवाज फक्त मशीनचा. फळीवरचे जबडे आता ऐकत नसत, पण तिला कधी घर मुकं वाटलं नाही.

पण ते नंतरचं. त्या सकाळी त्यांनी खाटेवरून मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं, खिडकीच्या उजेडात, नीट निरखून. ती पुढे वाकली.

"स्वेटरची बटणं एक घर चुकलीत तुझी," ते म्हणाले.